सेंट लुईस १९०४ : जागतिक प्रदर्शनाचे कागद कसे शोधावेत, कसे वाचावेत

पहिलं कार्ड माझ्याकडे आलं ते पुण्याच्या जुन्या बाजारातून. जाड पुठ्ठ्यावर शेजारी शेजारी चिकटवलेले दोन जवळजवळ सारखे फोटो, मधोमध मोठा घुमट, त्याच्या पायथ्याशी पाण्याच्या पायऱ्या, आणि कडेला बारीक इंग्रजी अक्षरांत सेंट लुईस, १९०४. विकणाऱ्याने ‘विलायतेतला राजवाडा’ म्हणून दिलं. तो राजवाडा नव्हता, ती विलायत नव्हती, आणि प्रदर्शन उरकल्यावर ती इमारत पाडूनही टाकली होती. हे कळेपर्यंत जे जे करावं लागलं, त्यातून कागद तपासायची एक पद्धत हाताला बसली. ती इथे क्रमाने लिहितो आहे.

अमेरिकेतल्या मिसूरी राज्यातल्या सेंट लुईस शहरात भरलेल्या या प्रदर्शनाचं अधिकृत नाव लुइझियाना परचेस एक्स्पोझिशन. १८०३ मध्ये अमेरिकेने फ्रान्सकडून लुइझियाना हा अफाट मुलूख दीड कोटी डॉलरला विकत घेतला, त्याची ही शताब्दी. हिशेबाने ते १९०३ मध्ये व्हायला हवं होतं, पण तयारी पुरी झाली नाही आणि ते वर्षभर पुढे गेलं. उभारणीचा पैसाही त्या खरेदीच्या आकड्याइतकाच जमवला : ५० लाख केंद्र सरकारचे, ५० लाख शहराचे, ५० लाख भागधारकांचे. शहरातल्या फॉरेस्ट पार्क या बागेचा पश्चिमेकडचा भाग आणि शेजारचं वॉशिंग्टन विद्यापीठाचं आवार मिळून १,२०० एकरांहून जास्त जागा. एवढा पसारा म्हटला की कागदही तसेच आले. करार, नकाशे, याद्या, पास, पदकं, पोस्टकार्डं, बक्षीसपत्रं, तक्रारी. त्यातलं पुष्कळ आज घरबसल्या, फुकट पाहता येतं.

पहिली पायरी : प्रश्न एका ओळीत लिहा

‘मला १९०४ च्या प्रदर्शनाबद्दल वाचायचं आहे’ हा प्रश्न नव्हे. त्याने तुम्ही पहिल्याच संध्याकाळी हजार फोटोंत बुडाल. ‘या कार्डावरची इमारत कुठली?’, ‘मुंबई इलाख्यातून तिथे काय गेलं होतं?’, ‘अमुक माणूस तिथे खरंच होता का?’ असं काहीतरी ठरवा आणि वहीच्या पहिल्या पानावर लिहा. शोधता शोधता प्रश्न बदलेल, तेव्हा जुना खोडू नका, नवा त्याच्याखाली तारखेसह लिहा. महिनाभराने आपण कुठून कुठे आलो हे त्यावरूनच कळतं.

दुसरी पायरी : एका पानाची जंत्री तयार करा

मी हे पान कायम टेबलावर ठेवतो. शनिवार, ३० एप्रिल १९०४ : उद्घाटन. राष्ट्राध्यक्ष रूझवेल्ट तेव्हा सेंट लुईसमध्ये नव्हते, त्यांनी वॉशिंग्टनहून तारयंत्राची कळ दाबली. १२ आणि १३ ऑगस्ट : ‘अँथ्रोपॉलॉजी डेज’ नावाच्या शर्यती. ३० ऑगस्ट : ऑलिंपिक मॅरेथॉन. त्या वर्षीचं ऑलिंपिक याच प्रदर्शनाला जोडलं होतं. १५ सप्टेंबर : ‘सेंट लुईस डे’, एका दिवसात ४,०४,४५० प्रवेश. १८ ऑक्टोबर : हेलन केलर यांचा दिवस. नोव्हेंबरच्या उत्तरार्धात मिसूरी राज्याची इमारत आगीत गेली, आणि त्याच महिन्याच्या शेवटी रूझवेल्ट स्वतः येऊन गेले. गुरुवार, १ डिसेंबर : समारोप.

यात एक गोष्ट लाल शाईने लिहा. दर रविवारी प्रदर्शन बंद असे, कारण अमेरिकेच्या काँग्रेसने, म्हणजे तिथल्या संसदेने, पैसे देताना तशी अट घातली होती. त्यामुळे एखाद्या आठवणीत ‘रविवारी आम्ही सगळे प्रदर्शन पाहायला गेलो’ असं असेल, तर आठवण खोटी ठरत नाही, पण वार किंवा जागा यातलं काहीतरी चुकलेलं आहे. पत्रावर तारीख असेल तर १९०४ चं कॅलेंडर काढून वार तपासा. दोन मिनिटांचं काम आहे, आणि त्याने मला अनेकदा वाचवलं आहे.

वर्षाच्या बाबतीत उलटी चूकही होते. शताब्दीचं वर्ष १९०३ असल्यामुळे स्मरणार्थ काढलेल्या एक डॉलरच्या सोन्याच्या नाण्यांवर १९०३ हेच वर्ष आहे. एका नमुन्यावर जेफरसन, दुसऱ्यावर मॅकिन्ली. ‘प्रदर्शन १९०४ चं, मग नाण्यावर १९०३ कसं, नकली दिसतंय’ असं म्हणून कोणी बाजूला सारू नये.

तिसरी पायरी : कागदाची जात ओळखा

सगळ्यांत जास्त वेळ इथे घालवा.

इतिहाससंशोधक वि. का. राजवाडे यांनी मराठी वाचकाला एक सवय लावून दिली : बखर वाचावी, पण भरवसा अस्सल पत्रावर ठेवावा. बखर नंतर लिहिली जाते आणि बहुधा कोणाच्या तरी सांगण्यावरून. सेंट लुईसच्या कागदांना हीच फूटपट्टी लावली की ढीग आपोआप तीन भागांत पडतो.

पहिला भाग प्रदर्शनाआधीचा. ‘वर्ल्ड्स फेअर बुलेटिन’ नावाचं मासिक सेंट लुईसहून निघत असे. त्यात बेत आहेत, कौतुक आहे, वास्तुविशारदांनी काढलेली इमारतींची चित्रं आहेत. हे कागद ‘काय करायचं ठरवलं होतं’ हे सांगतात. प्रत्यक्षात काय झालं ते त्यांना ठाऊक असणं शक्यच नव्हतं. आधी छापलेल्या मार्गदर्शिका आणि काही नकाशेही याच भागात घाला. चित्रातली इमारत तशीच उभी राहिली होती का, हे फोटोशी ताडून पाहिल्याशिवाय लिहू नका.

दुसरा भाग त्या सात महिन्यांतला. रोजचा अधिकृत कार्यक्रम, वर्तमानपत्रं, पोस्टकार्डं, फोटो असलेले पास, करारनामे, घरी पाठवलेली पत्रं. अस्सल म्हणावं ते हेच. तरी रोजच्या कार्यक्रमपत्रिकेलाही मर्यादा आहे. तिथे चार वाजता बँड वाजणार असं लिहिलेलं असतं. वाजला की नाही, हे दुसऱ्या दिवशीचं वर्तमानपत्र सांगतं.

तिसरा भाग नंतरचा. प्रदर्शन भरवणाऱ्या कंपनीचे अध्यक्ष डेव्हिड फ्रान्सिस हे सेंट लुईसचे माजी महापौर आणि मिसूरीचे माजी गव्हर्नर. त्यांनी लिहिलेला दोन खंडांचा इतिहास १९१३ मध्ये निघाला. तो भव्य आहे, माहितीने भरलेला आहे, आणि नेमका बखरीसारखा आहे : यजमानाने सांगितलेली यजमानाची गोष्ट. त्याच्या शेजारी १९०६ चा राष्ट्रीय कमिशनचा अंतिम अहवाल ठेवा. कमिशन सरकारने नेमलेलं होतं, कंपनीपासून वेगळं. त्याच्या अहवालात महिला व्यवस्थापक मंडळाचा अहवालही आहे. प्रदर्शनात बायकांनी काय केलं हे शोधणाऱ्यांनी थेट तिथे जावं.

याच भागात एक दुर्लक्षित कागद येतो. प्रदर्शन संपल्यावर शिकागो हाउस रेकिंग कंपनीने सगळा सांगाडा ४,५०,००० डॉलरला विकत घेतला आणि लाकूड, दारं, खिडक्या, नळ, तारा विकण्यासाठी कॅटलॉग काढला. राजवाड्यांसारख्या दिसणाऱ्या त्या इमारती आतून कशाच्या होत्या हे अशा कागदातून कळतं. बाहेरचा पांढरा थाट म्हणजे ‘स्टाफ’ : प्लास्टर ऑफ पॅरिस आणि तागासारखे धागे यांचा लेप. खाली लाकडी सांगाडा. टिकवायचा विचारच नव्हता. यजमानाच्या इतिहासातला ‘राजवाडा’ आणि भंगारवाल्याच्या यादीतली ‘फळी’ एकत्र वाचली की मगच ती इमारत डोळ्यांपुढे उभी राहते.

प्रत्येक कागदावर पेन्सिलने किंवा फाइलच्या नावात तीन खुणा करा : आधीचा, तेव्हाचा की नंतरचा, कोणी काढला, कोणासाठी काढला. तिसरी खूण लोक विसरतात. फोटो विकण्यासाठी काढला की नोंदीसाठी, यावर त्यातली माणसं कशी उभी केली आहेत ते ठरतं.

चौथी पायरी : शोधायचं कुठे आणि कोणत्या शब्दाने

मूळ दप्तर सेंट लुईसमध्येच आहे. प्रदर्शन कंपनीचे कागद मिसूरी हिस्टॉरिकल सोसायटीकडे आहेत. फॉरेस्ट पार्कच्या कडेला, प्रदर्शनाच्या मुख्य प्रवेशद्वाराच्या जागी १९१३ मध्ये उभी राहिलेली जेफरसन मेमोरियलची इमारत आज त्यांचं संग्रहालय आहे, आणि तीही प्रदर्शनातून उरलेल्या पैशातून झाली. संग्रहालय आणि कागदपत्रांचं संशोधन केंद्र मात्र दोन वेगळ्या इमारतींत आहेत. अमेरिकेत राहणारे आपले पुष्कळ लोक सुटीत संग्रहालयाला जाऊन येतात आणि कागद न पाहताच परततात. जायचं असेल तर आधी संशोधन केंद्राला ई-मेल करा.

घरबसल्या पाहायचं तर क्रम असा ठेवा. पुस्तकं, मार्गदर्शिका, अहवाल यांसाठी इंटरनेट अर्काइव्ह आणि हाथीट्रस्ट. फोटो आणि स्टिरिओ कार्डांसाठी (माझ्या पहिल्या कार्डासारखी दोन फोटोंची जोडकार्डं) लायब्ररी ऑफ काँग्रेस. वर्तमानपत्रांसाठी त्याच ग्रंथालयाचं ‘क्रॉनिकलिंग अमेरिका’, तिथे ‘सेंट लुईस रिपब्लिक’ हे दैनिक दिवसागणिक वाचता येतं. लायब्ररी ऑफ काँग्रेसमध्ये १९०४ च्या वसंतात वेस्टिंगहाउसच्या कारखान्यांत घेतलेल्या छोट्या चित्रफितीही आहेत. त्या या प्रदर्शनात दाखवण्यासाठीच काढल्या होत्या. शिवाय सेंट लुईस पब्लिक लायब्ररीने आपला संग्रह स्वतंत्रपणे चढवला आहे.

आता शब्द. इथे भारतीय वाचक हमखास अडखळतो. शोधपेटीत ‘इंडियन’ टाकलंत तर जे येईल ते जवळजवळ सगळं अमेरिकेच्या मूळ रहिवाशांबद्दल असेल. प्रदर्शनात अमेरिकन सरकारची नमुना ‘इंडियन स्कूल’ होती, जेरोनिमो हा अपाची नेता कैदी असताना तिथे आणला होता आणि स्वतःचे फोटो, स्वाक्षऱ्या विकत होता. भारत हवा असेल तर ‘ईस्ट इंडिया’, ‘ईस्ट इंडियन’, ‘ब्रिटिश इंडिया’, ‘हिंदू’ (त्या काळचं शेवटी दोन ‘ओ’ असलेलं स्पेलिंगसुद्धा), ‘सिलोन’ असे शब्द इंग्रजीत टाकून पाहा. गावांची नावंही त्या काळची : बॉम्बे, पूना, शोलापूर. ‘पाइक’ नावाचा सुमारे मैलभर लांबीचा करमणुकीचा रस्ता होता, त्यावर ‘मिस्टीरियस एशिया’ नावाचा खेळ होता. भारतातून नेलेल्या कलाकारांचा शोध घेणाऱ्याने तो शब्दही यादीत घालावा.

मालाचा शोध वेगळा. प्रदर्शनातल्या वस्तूंची विभागणी फ्रेडरिक स्किफ यांनी केली होती : १६ विभाग, १४४ गट, ८०७ वर्ग. बक्षिसांच्या याद्या, परीक्षकांचे अहवाल, कॅटलॉग हे सगळं या चौकटीत बसवलेलं आहे. म्हणून ‘मुंबईचं कापड’ असं शोधण्याआधी कापड कोणत्या गटात येतं ते वर्गीकरणाच्या पुस्तिकेत पाहून घ्या आणि मग त्या गटाची पानं नजरेने चाळा. स्कॅन केलेल्या पानांवरची अक्षरओळख जुन्या बारीक टाइपात आणि दोन स्तंभांच्या छपाईत सपशेल चुकते. यंत्राला न सापडलेलं नाव पानावर ठळक दिसतं, हे मी कितीदा तरी पाहिलं आहे.

पाचवी पायरी : फोटो वाचणं

आधी भिंग घ्या. अस्सल फोटोत राखाडी छटा सलग उतरत जातात. छापील चित्रात ठिपके दिसतात. या प्रदर्शनाची रंगीत छापील स्टिरिओ कार्डं स्वस्तात निघाली होती आणि आज तीच ‘दुर्मीळ रंगीत फोटो’ म्हणून विकली जातात. ती जुनीच आहेत, पण फोटो नव्हेत. पुठ्ठ्याचं माप साधारण ९ बाय १८ सेंटिमीटर. कडेला प्रकाशकाचं नाव पाहा : अंडरवुड अँड अंडरवुड, कीस्टोन, एच. सी. व्हाइट. कॉपीराइटचं वर्ष हे फोटो नोंदवल्याचं वर्ष असतं. कार्ड त्यानंतर पुन्हा छापलेलं असू शकतं.

मग जागा. प्रदर्शनाचा अधिकृत नकाशा डाउनलोड करून छापून घ्या, पडद्यावर हे काम नीट होत नाही. खुणेच्या इमारती थोड्याच आहेत : घुमटाचं फेस्टिव्हल हॉल, त्यासमोरचे पाण्याचे धबधबे, खाली ग्रँड बेसिन हे तळं, आणि शिकागोच्या १८९३ च्या प्रदर्शनातून उचलून आणलेला प्रचंड फेरिस पाळणा. माझं कार्ड यावरूनच ओळखता आलं. तळ्याच्या बाजूने घुमटाकडे पाहिलं की तोंड दक्षिणेला असतं. म्हणजे सावल्या डावीकडे पडल्या असतील तर दुपारनंतरची वेळ, उजवीकडे असतील तर सकाळ. सावल्या आणि इमारती जुळत नसतील तर फोटोची काचेची निगेटिव्ह उलटी छापली गेली असेल. कुठलीही पाटी आरशात पाहून खात्री करा.

मिसूरीची इमारत शाबूत दिसत असेल तर फोटो नोव्हेंबरच्या आगीआधीचा. अंगावरचे कपडे, झाडांची पानं, छत्र्या हे पुढचे पुरावे.

आज उभ्या असलेल्या इमारतींवरून ओळख पटवताना सावध राहा. कॅस गिल्बर्ट यांनी बांधलेला कलादालनाचा दगडी भाग आजचं सेंट लुईस आर्ट म्युझियम आहे. स्मिथसोनियन या अमेरिकेच्या राष्ट्रीय संग्रहालय-संस्थेने उभारलेला पक्ष्यांचा पिंजरा शहराने ३,५०० डॉलरला घेतला आणि त्यातून प्राणिसंग्रहालय वाढलं. विद्यापीठाचा ब्रुकिंग्ज हॉल प्रदर्शनाचं कार्यालय होता. हे तिन्ही अस्सल. पण बागेतला ‘वर्ल्ड्स फेअर पॅव्हेलियन’ नावापुरता प्रदर्शनाचा आहे. तो काही वर्षांनी बांधला गेला, त्यामुळे तो दिसणारा फोटो १९०४ चा असूच शकत नाही.

फोटो कोणी काढला हेही शोधा. जेसी टारबॉक्स बील्स यांनी शिड्यांवर, मनोऱ्यांवर चढून इथले फोटो काढले. एमी आणि मेमी या गेरहार्ड भगिनींनी तिथे आणलेल्या देशोदेशीच्या लोकांची छायाचित्रं घेतली. नाव कळलं की त्याच हाताचे इतर फोटो एकत्र ठेवता येतात आणि तारखेचा अंदाज घट्ट होतो.

सहावी पायरी : पोस्टकार्ड आणि तिकीट

पोस्टकार्ड उलटं करा. अमेरिकेत १ मार्च १९०७ पर्यंत पत्त्याच्या बाजूला मजकूर लिहायला परवानगी नव्हती. म्हणून १९०४ च्या अमेरिकी कार्डाची मागची बाजू फक्त पत्त्यासाठी असते, मध्ये उभी रेघ नसते, आणि पाठवणाऱ्याने चित्राच्या कडेकडेने, आकाशात, तळ्यात जमेल तिथे दोन ओळी खरडलेल्या असतात. मला तर ती गिचमिडच सगळ्यांत प्रिय आहे. मधे रेघ असलेलं अमेरिकी कार्ड प्रदर्शनाचं चित्र दाखवत असलं तरी नंतर छापलेलं. ब्रिटनमध्ये मात्र अशी दुभागलेली पाठ १९०२ पासून चालत होती, त्यामुळे आधी छपाई कुठली ते पाहा. ‘प्रायव्हेट मेलिंग कार्ड’ असे शब्द दिसले तर छपाई १८९८ ते १९०१ च्या दरम्यानची, म्हणजे प्रदर्शनाआधीची.

अधिकृत कार्डं सॅम्युएल कपल्स एन्व्हलप कंपनीने काढली. त्यातली काही उजेडासमोर धरायची असतात : खिडक्या कापलेल्या असतात आणि मागून प्रकाश आला की इमारतीत दिवे लागल्यासारखे दिसतात. प्रदर्शनात रात्रीच्या विजेच्या रोषणाईचं काय अप्रूप होतं हे त्या कार्डाइतकं दुसरा कागद सांगत नाही.

पोस्टाने पाच स्मारक तिकिटं काढली : १ सेंट लिव्हिंग्स्टन, २ सेंट जेफरसन, ३ सेंट मन्रो, ५ सेंट मॅकिन्ली, आणि १० सेंटवर खरेदी केलेल्या मुलखाचा नकाशा. विक्री ३० एप्रिल ते १ डिसेंबर. तिकिटावरून एवढंच सिद्ध होतं की पत्र त्याआधीचं नाही. घरात राहिलेलं तिकीट कोणीही नंतर डकवू शकतो. तारीख शिक्क्यावरून घ्या, गावही शिक्क्यावरूनच.

सातवी पायरी : दोन कागद समोरासमोर ठेवा

हे सगळं कशासाठी, ते एका उदाहरणात सांगतो. ३० ऑगस्टच्या मॅरेथॉनमध्ये ३२ जण धावले, १४ जण पोचले. जुन्या निकालपत्रात नवव्या आणि बाराव्या क्रमांकावर ‘लेंटॉ’ आणि ‘यामासानी’ अशी दोन नावं आहेत, पुढे ‘झुलू’ (दक्षिण आफ्रिकेतला एक समाज) असा शेरा. तेवढाच कागद धरला तर दोन झुलू धावपटू. पण प्रदर्शनात बोअर युद्धाचा एक मोठा खेळ चालू होता आणि त्याबरोबर दक्षिण आफ्रिकेतून माणसं आली होती. त्या बाजूचे कागद, फोटो आणि दक्षिण आफ्रिकेतल्या नोंदी जुळवल्यावर अभ्यासकांनी दाखवलं की हे दोघं लेन टाउन्याने आणि जान मशियानी, त्स्वाना समाजातले. ऑलिंपिकमध्ये उतरलेले आफ्रिकेतले पहिले कृष्णवर्णीय धावपटू, आणि निकाल लिहिणाऱ्याने त्यांचं नाव नीट विचारलंही नव्हतं.

नावं मोडतोड होऊनच कागदावर येतात, हे गृहीत धरा. इंग्रजी दप्तरात आपल्या आजोबा-पणजोबांच्या नावांचं काय झालं हे ज्याने पाहिलं आहे त्याला हे वेगळं सांगायला नको. एका नावाची पाच-सहा स्पेलिंगं स्वतः तयार करा, मोठ्याने उच्चारून तयार करा, आणि मग शोधा.

दुसरं उदाहरण जास्त जड आहे. प्रदर्शनाच्या मानववंशशास्त्र विभागाचे प्रमुख डब्ल्यू. जे. मॅकगी होते. ४७ एकरांवर फिलिपिन्सचा विभाग होता, तिथे हजाराहून जास्त फिलिपिनो माणसं राहत होती. ती प्रेक्षकांनी पाहण्यासाठी आणलेली. काँगोतून आणलेला ओटा बेंगा हा तरुण होता. पुढे १९०६ मध्ये न्यूयॉर्कच्या ब्राँक्स प्राणिसंग्रहालयात त्याला माकडांच्या घरात ठेवलं, कृष्णवर्णीय धर्मोपदेशकांच्या विरोधानंतर सोडवलं, आणि १९१६ मध्ये त्याने स्वतःला संपवलं. १२ आणि १३ ऑगस्टला अशा आणलेल्या लोकांना, त्यांना ठाऊक नसलेल्या खेळांत, सरावाशिवाय धावायला आणि फेकायला लावलं. क्रीडा विभागाचे प्रमुख जेम्स सलिव्हन यांनी १९०५ च्या क्रीडा वार्षिकात त्या आकड्यांवरून ही माणसं शारीरिकदृष्ट्या कमी असल्याचा निष्कर्ष छापला. आकडे खरे असू शकतात. पण तो कागद खोटंच सांगतो, कारण सराव नव्हता, नियम समजावले नव्हते, हे त्याच्या तक्त्यात कुठे बसतच नाही. मॅकगींनी सप्टेंबरमध्ये सराव देऊन पुन्हा शर्यती घेतल्या. दोन्हींची माहिती शेजारी ठेवल्याशिवाय यातल्या एकाही ओळीचा आधार घेऊ नका.

इथे कागदांचा तुटवडाही लक्षात घ्यावा लागतो. ज्यांना पाहायला लोक आले त्यांचे स्वतःच्या हातचे कागद फारच थोडे. आहेत ते त्यांना आणणाऱ्याचे, मोजणाऱ्याचे, फोटो विकणाऱ्याचे. म्हणून अशा फोटोची नोंद करताना मूळ इंग्रजी ओळ अवतरणात जशीच्या तशी ठेवा, आणि तिच्याखाली आपल्या शब्दांत त्या माणसाचं नाव, समाज, गाव जेवढं कळलं तेवढं लिहा. जुन्या शिवीसारख्या शब्दांना आपलं वर्णन करू नका.

आठवी पायरी : दंतकथा तपासणं

सेंट लुईसच्या नावावर दोन गोड गोष्टी सांगितल्या जातात : आइस्क्रीमचा कोन आणि बर्फाचा चहा, दोन्ही तिथेच जन्मले म्हणे. दुसऱ्या गोष्टीत भारत आहे, म्हणून तिच्यावर हात साफ करायला हरकत नाही.

भारतीय चहाचा प्रसार करायला रिचर्ड ब्लेचिंडेन तिथे होते. भारताची इमारत आग्र्याच्या इतमाद-उद-दौला मकबऱ्याच्या धर्तीवर बांधलेली होती. गोष्ट अशी की उन्हाळा भयंकर होता, गरम चहा कोणी घेईना, तेव्हा ब्लेचिंडेन यांनी चहात बर्फ टाकला आणि बर्फाचा चहा जन्मला. तपासायची रीत सोपी. दावा दोन तुकड्यांत मोडा : पदार्थ तिथे विकला गेला का, आणि तिथेच पहिल्यांदा झाला का. पहिल्यासाठी १९०४ च्या उन्हाळ्याची वर्तमानपत्रं चाळा. दुसऱ्यासाठी १९०४ च्या आधीचे कागद पाहा. अमेरिकेतल्या १८७० च्या दशकातल्या पाककृतींच्या पुस्तकांत बर्फाच्या चहाची कृती मिळते. झालं, जन्माचा दावा पडला. लोकप्रियतेचा दावा उरतो आणि त्याला वेगळा पुरावा हवा.

कोनचंही तसंच. इटालो मार्चियोनी यांना खाण्याजोग्या पेल्यांच्या साच्याचं पेटंट डिसेंबर १९०३ मध्ये मिळालं, प्रदर्शनाची दारं उघडण्याच्या चार महिने आधी. प्रदर्शनात कोन आपणच काढला असं म्हणणारे पुढे बरेच निघाले. त्यांच्या प्रत्येक गोष्टीसमोर एकच तारीख लिहा : ती पहिल्यांदा कागदावर कधी आली?

हीच तपासणी आकड्यांनाही लावा. एकूण १,९६,९४,८५५ हा आकडा सगळीकडे ‘इतके लोक आले’ म्हणून येतो. तो प्रवेशांचा आकडा आहे, फुकट पासवाल्यांच्या फेऱ्यांसकट. दहा वेळा आलेला माणूस त्यात दहा वेळा आहे.

नववी पायरी : जपणं, नोंदवणं, मागवणं

हाती मूळ कागद असेल तर सेलोटेप आणि लॅमिनेशन यांना हात लावू नका. कागदाला स्वच्छ, कोरडे हात पुरतात, फोटोंना नायट्राइल हातमोजे वापरा. वर्तमानपत्रात गुंडाळू नका, त्याचं आम्ल पुठ्ठ्यात उतरतं. आम्लमुक्त पाकीट किंवा पॉलिएस्टरचं आवरण घ्या, साध्या पीव्हीसी पिशव्या चिकटतात. कोकणात आणि मुंबईत पावसाळ्यात सिलिका जेल ठेवा, ते महिन्याला बदला, आणि कसर लागली आहे का हे दसऱ्याला एकदा तरी डबा उघडून पाहा.

स्कॅन ६०० डीपीआयला, टिफ स्वरूपात, दोन्ही बाजूंचा करा. फाइलच्या नावात संस्थेचं नाव, तिचा क्रमांक आणि उतरवून घेतल्याची तारीख हवीच. नुसतं ‘सेंटलुईस१’ असं नाव ठेवलेली फाइल वर्षभराने निरुपयोगी होते.

हक्कांचं : अमेरिकेत प्रकाशित होऊन ९५ वर्षं उलटलेला मजकूर तिथे मुक्त आहे, म्हणजे १९०४ मध्ये छापलेलं सगळं. अप्रकाशित पत्रांना वेगळा नियम लागतो, तिथे लिहिणाऱ्याच्या मृत्यूनंतरची ७० वर्षं मोजतात. मुक्त असलं तरी संग्रहाचं नाव आणि क्रमांक द्यायचाच.

आणि शेवटी संस्थेला लिहायचं पत्र. पाच-सहा ओळी पुरतात. तुमचा एका ओळीतला प्रश्न, कोणत्या संग्रहातला कोणता क्रमांक हवा, ऑनलाइन काय आधीच पाहून झालं आहे, प्रत कशासाठी हवी, आणि भारतातून लिहीत असाल तर फी कशी भरायची याची विचारणा. ‘प्रदर्शनाबद्दल जे असेल ते पाठवा’ असं लिहू नका, त्याचं उत्तर कोणालाच देता येत नाही. पोस्टकार्ड किंवा स्टिरिओ कार्ड मागवत असाल तर एक ओळ आवर्जून घाला : मागची बाजूही स्कॅन करून पाठवावी. ती मागितल्याशिवाय बहुतेक वेळा येत नाही, आणि शिक्का, तारीख, पत्ता, पाठवणाऱ्याची अक्षरं तिथेच असतात.